मसाल्याची तेले: घरी करताना काय करावे, काय टाळावे

सर्दी झाली की ओवा-लसणाचे तेल, गुडघे धरले की सुंठ-मिरीचे, दाढ ठणकली की लवंगेचे. आपल्या घरांत ही तेले पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत आणि ती होत राहावीत असेच मला वाटते. ऊब, वास आणि चोळणारा मायेचा हात यांनी दुखणाऱ्या माणसाला खरोखर बरे वाटते. अपाय होतो तो बहुधा तीन कारणांनी: तेलात पाणी राहते, तेल नको तिथे (पोटात, नाकात, कानात) जाते, किंवा तेलाच्या भरवशावर डॉक्टरकडे जायला उशीर होतो. खालच्या बहुतेक सूचना या तीन गोष्टी टाळण्यासाठी आहेत.

१. आधी ओळखा: मुरवलेले तेल की अर्क?

काय करावे

- दोन्हींतला फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तिळाच्या किंवा खोबरेल तेलात लवंगा मुरवून केलेले तेल सौम्य असते. दुकानात छोट्या बाटलीत मिळते ते ‘लवंग तेल’ म्हणजे लवंगेचा वाफेवर काढलेला अर्क. त्यातला बहुतांश भाग युजेनॉल या एकाच तीव्र द्रव्याचा असतो.
- अर्क त्वचेला लावायचाच असेल तर साध्या तेलात मिसळून लावा. दोन चहाचे चमचे तेलाला एक थेंब पुरतो.
- दाढ दुखत असेल तर मुरवलेल्या तेलात कापसाचा लहानसा बोळा बुडवून तो पिळून घ्या, काही मिनिटे दाढेवर धरा आणि काढून टाका. मग दंतवैद्याची वेळ घ्या. दुखणे थांबले तरी कीड तिथेच असते.

काय टाळावे

- लवंगेचा किंवा निलगिरीचा अर्क पोटात घेऊ नका. लहान मुलांच्या पोटात लवंगेचा अर्क ५ ते १० मिली गेला तरी बेशुद्धी आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल गेली आहे. निलगिरीच्या अर्काने मुलांना झटके येतात.
- अर्काचा बोळा रात्रभर दाढेत ठेवू नका. हिरडी आणि गालाचे आतले कातडे भाजते.
- ‘नैसर्गिक आहे, म्हणजे चालेल’ हा हिशेब इथे लावू नका.

२. तेल आणि मसाला निवडताना

काय करावे

- तिळाचे तेल पहिली पसंती ठेवा. ते इतर तेलांच्या मानाने उशिरा खवट होते आणि अंगाला चोळायला चांगले. खोबरेल तेलही उत्तम. फक्त ते साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणून थंडीत रुंद तोंडाच्या बरणीत भरा.
- मोहरीचे तेल घ्यायचे तर सीलबंद घ्या. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने जलोदरासारखी सूज येणाऱ्या आजाराची साथ आली आणि ६० हून अधिक माणसे दगावली.
- मसाले अख्खे आणि कोरडे घ्या: ओवा, लवंग, मिरी, सुंठ, मेथ्या, दालचिनी. आदल्या दिवशी कडक उन्हात वाळवा किंवा जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर नुसते गरम करा. करपवू नका.
- हळद वापरायची तर हळकुंड आणून घरी जाडसर कुटा. हळकुंडे डोळ्यांत भरतील इतकी चकचकीत पिवळी दिसत असतील तर घेऊ नका. रंग खुलवायला त्यांवर शिसे असलेला रंग चोळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत.

काय टाळावे

- तयार पूड वापरू नका. ती तळाशी बसून करपते, फडक्यातून गाळली जात नाही आणि बाटलीत गाळ राहतो.
- ओले आले, ओली हळद, ताजी पाने, हिरवी मिरची साठवणीच्या तेलात घालू नका. आल्याऐवजी सुंठ, ओल्या हळदीऐवजी हळकुंड.
- तळणाचे उरलेले तेल यासाठी वापरू नका.
- तीळ, शेंगदाणा यांची अ‍ॅलर्जी घरात कुणाला आहे का, हे विचारल्याशिवाय तेल ठरवू नका.

३. तेल करताना

एक भरवशाचे प्रमाण सांगते: १०० मिली तिळाचे तेल, दोन चहाचे चमचे ओवा, एक चहाचा चमचा जाडसर कुटलेली सुंठ आणि पाच-सहा ठेचलेल्या मिऱ्या. एवढे एका घराला महिनाभर पुरते.

काय करावे

- जाड बुडाचे स्टीलचे भांडे घ्या. ते पूर्ण कोरडे आहे ना, हे हात लावून बघा. चमचा आणि गाळणेही तसेच.
- तेल मंद आचेवर कोमटाहून थोडे जास्त तापू द्या, मग मसाला घाला. कडेने बारीक बुडबुडे येऊ लागतील. ते मसाल्यात उरलेले पाणी आहे. दहा-पंधरा मिनिटांत बुडबुडे विरळ होतात, भांड्यातला आवाज बंद होतो, ओवा एक छटा गडद होतो. तिथे गॅस बंद करा.
- झाकण तिरपे ठेवून तेल पूर्ण गार होऊ द्या. वाफ झाकणाला लागून तिचे थेंब तेलात परत पडता कामा नयेत. मसाल्यातला बराचसा वास याच वेळात तेलात उतरतो.
- पाणी उरले का, याची जुनी परीक्षा करा. गाळलेल्या तेलात कापसाची वात भिजवून निरांजनात लावा. शांतपणे जळली तर तेल कोरडे आहे. तडतडली तर पाणी आहे. तेल पुन्हा मंद आचेवर ठेवा.

या परीक्षेचे मूळ आयुर्वेदात आहे. शार्ङ्गधरसंहितेत तैलपाकासाठी एक भाग कल्क (औषधी द्रव्ये वाटून केलेला गोळा), चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे प्रमाण दिले आहे. इतके पाणी आटवायचे म्हणजे ते पूर्ण आटले हे कळायला खूण हवीच. म्हणून कल्काची वात वळून ती विस्तवावर धरायची, आवाज झाला नाही तर पाक झाला. काढ्याची तेले मात्र वैद्यांकडूनच घ्यावीत. घरच्या स्वयंपाकघरात कोरडा मसाला आणि थोडे तेल हीच सुरक्षित वाट.

काय टाळावे

- तेलातून धूर येऊ देऊ नका. धूर आला की तेल बिघडले, मसाल्याचे उडून जाणारे गुणही गेले. सगळ्या घरात घमघमाट सुटला असेल तर आच जास्त आहे असे समजा.
- तांब्या-पितळेचे भांडे वापरू नका. तांब्याच्या संपर्काने तेल लवकर खवट होते. लोखंडी कढईतही तेल करून ठेवून देऊ नका.
- गॅसवर तेल ठेवून फोन घ्यायला, दार उघडायला जाऊ नका. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करा आणि वर ताट झाका. पाणी चुकूनही ओतू नका.
- वर्षाचे तेल एकदम करून ठेवू नका. ही लोणच्याची बरणी नव्हे.

४. लसणाला वेगळे नियम

लसणाचे तेल सगळ्यांत जास्त केले जाते आणि सगळ्यांत जास्त जपावे लागते तेही त्यालाच. लसूण जमिनीत वाढतो. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूची बीजे त्याच्यासोबत येऊ शकतात. साध्या उकळीने ती मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची उष्णता लागते. ओलसर पाकळी तेलात बुडाली की तिला हवा मिळत नाही, आंबटपणा नाही, पाणी मात्र आहे. या बीजांना रुजायला नेमके हेच हवे असते. त्यातून तयार होणारे विष नसा लुळ्या पाडते, आणि तेलाचा रंग, वास, चव यांत काहीच फरक पडत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात तेलातला चिरलेला लसूण खाऊन ३६ जणांना या विषाची बाधा झाली. ती बरणी फ्रीजबाहेर ठेवलेली होती.

अखंड त्वचेतून हे विष आत शिरत नाही. पण घरातले तेल एका जागी राहत नाही. छातीला लावायचे म्हणून केलेले तेल दुसऱ्या दिवशी आमटीच्या फोडणीला जाते, बाळाची तेलकट बोटे तोंडात जातात, कुणाच्या तरी हातावर कापलेले असते.

काय करावे

- लागेल तेव्हा, लागेल तेवढेच करा. चार चमचे तेलाला तीन-चार पाकळ्या. पाकळ्या ठेचून मंद आचेवर कडक आणि बदामी होऊ द्या, बुडबुडे पूर्ण थांबू द्या.
- पाकळ्या लगेच गाळून काढा. तेल त्याच दिवशी वापरा.
- उरले तर फ्रीजमध्ये ठेवा आणि जास्तीत जास्त चार दिवसांत संपवा. त्यानंतर टाकून द्या.

काय टाळावे

- पाकळ्या बुडवलेली बाटली ओट्यावर किंवा देवळीत ठेवू नका. दिसायला सुंदर, पण धोक्याची.
- कच्चा ठेचलेला लसूण त्वचेवर बांधू नका. काही तासांत फोड येतात, लहान मुलांना तर खोल भाजते.
- वास घेऊन किंवा चाखून ‘चांगले आहे’ असे ठरवू नका. या विषाच्या बाबतीत जीभ आणि नाक दोन्ही निरुपयोगी.

५. गाळणे, भरणे, ठेवणे

काय करावे

- स्वच्छ, कोरड्या, दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. चोथा फार पिळू नका, त्यातला ओलावा आणि बारीक कण उतरतात.
- काचेची बाटली उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, मग उलटी करून उन्हात पूर्ण वाळवा. आत एक थेंब दिसला तरी थांबा.
- चिठ्ठी लावा: तेलाचे नाव, आत काय आहे, केल्याची तारीख, आणि ठळक अक्षरांत ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’. अमेरिकेत कापराचे तेल एरंडेल समजून पाजले गेल्याच्या घटना वारंवार घडल्या. अखेर १९८२ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीवर बंदी घातली.
- गडद रंगाची बाटली, अंधारे कपाट, मुलांचा हात न पोहोचणारा वरचा कप्पा. कोरड्या मसाल्याचे तेल महिनाभरात संपवा.

काय टाळावे

- बाटलीत बोटे घालू नका. लागेल तेवढे वाटीत ओता. उरलेले परत बाटलीत ओतू नका.
- जुने तेल संपले म्हणून त्याच बाटलीत न धुता नवे भरू नका. तळाचे खवट तेल नव्यालाही बिघडवते.
- सरबताच्या किंवा औषधाच्या जुन्या बाटलीत तेल भरू नका.
- तेल गढूळ झाले, फेस आला, बुरशी दिसली किंवा खवट वास आला तर उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका. फेकून द्या.

६. अंगाला लावताना

काय करावे

- पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावा आणि २४ तास वाट पाहा. लाली, खाज, पुरळ आले तर ते तेल त्या माणसासाठी नाही. दालचिनी आणि लवंग यांच्याबाबतीत ही चाचणी चुकवू नका.
- वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा. आधी स्वतःच्या मनगटावर पाहा. ओव्याच्या पुरचुंडीने शेकतानाही तसेच करा.
- चोळून झाल्यावर हात साबणाने धुवा, त्याआधी ते डोळ्यांना लावू नका. आजी-आजोबांच्या तळव्यांना तेल लावले असेल तर ते पुसून, मोजे घालूनच त्यांना चालू द्या. न्हाणीघराच्या तेलकट फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडते.

काय टाळावे

- जखम, खरूज, गजकर्ण, भाजलेली जागा यांवर हे तेल लावू नका. भाजल्यावर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी घ्या. तेल, हळद, टूथपेस्ट काहीही नको.
- मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांना गरम तेल किंवा पुरचुंडी लावू नका. पाय बधिर असतील तर चटका कळत नाही आणि त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.
- एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.
- कानात तेल घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाते आणि दुखणे वाढते.
- गरोदरपणात अर्क आणि कापराची तेले डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

७. बाळ आणि लहान मुले

काय करावे

- तान्ह्या बाळाला साधे, स्वच्छ खोबरेल तेल पुरते. मसाला कशाचाच नको. टाळू भरताना बोटाने हलके लावा, दाबू नका.
- बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींशी पहिल्याच दिवशी बोला: ‘मावशी, नाकात, कानात, बेंबीत तेल घालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.’ आदराने सांगितले तर बहुतेक जणी ऐकतात.
- बेंबीची नाळ गळेपर्यंत ती जागा कोरडी ठेवा. नाळ गळून जागा सुकल्यावर पोटावर हिंगाचा लेप लावायचा तर पातळ लावा आणि थोड्या वेळाने पुसून घ्या.
- मोठ्या मुलाला सर्दीत ओव्याचे तेल लावायचे तर छाती आणि पाठीवर, हलक्या हाताने, नाकापासून दूर.

काय टाळावे

- नाकात तेलाचे थेंब टाकू नका. तेलाने खोकला येत नाही, म्हणून ते गुपचूप फुप्फुसात उतरते आणि तिथे न्यूमोनिया होतो. तो साध्या प्रतिजैविकांना दाद देत नाही.
- दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर, पुदिन्याचे सत्त्व, निलगिरी यांपैकी काहीही लावू नका. नाकाजवळ तर मुळीच नाही, श्वास अडकू शकतो.
- मोहरीचे तेल नवजात बाळाच्या त्वचेला चोळू नका. तिचा नाजूक संरक्षक थर त्याने बिघडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर डॉक्टर सांगतील तेच तेल.
- तेल लावून बाळाला ओव्या-धुपाची धुरी देऊ नका. धूर कुठलाही असो, कोवळ्या फुप्फुसांना त्रासच देतो.

८. ही तेले घरी करूच नका

- बिब्ब्याचे तेल. टाचांच्या भेगांना आणि सांधेदुखीला बिब्बा वापरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण बिब्बा ‘उततो’ तेव्हा काय होते, हे पाहिलेला माणूस पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही: फोड, पाणी सुटलेली सूज, चेहऱ्यापर्यंत पसरणारी खाज. तो शुद्ध करणे वैद्यांचे काम.
- लाल मिरचीचे तेल. मिरचीतले कॅप्सेसिन दुखऱ्या सांध्यांसाठीच्या मलमांत वापरतात हे खरे, पण मोजून. घरच्या तेलात ते किती उतरले हे कळायला मार्ग नाही. हाताला लागलेच तर आधी साधे तेल चोळून पुसा, मग साबण लावा. नुसत्या पाण्याने ते निघत नाही.
- कापराचे कडक तेल. मोठ्यांसाठी कापूर घालायचाच तर खाद्य प्रतीचा, १०० मिलीला २ ग्रॅमपेक्षा कमी, आणि तेल विस्तवावरून उतरवून कोमट झाल्यावर. आरतीचा कापूर यात घालू नका. कापूर ज्वालाग्राही आहे आणि ग्रॅमभर पोटात गेला तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

९. बाटली बाजूला ठेवा, डॉक्टरकडे जा

- मूल धापा टाकत असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर छातीला तेल चोळत बसू नका. तडक दवाखाना.
- छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: ‘गॅस असेल’ म्हणून लवंग-ओव्याचे तेल चोळू नका. १०८ वर फोन करा.
- पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे: तेलातला लसूण किंवा घरी डबाबंद केलेले काही खाल्ले असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.
- मुलाने तेल किंवा अर्क प्यायला असेल तर ओकारी काढू नका, तेल फुप्फुसात जाते. दूध-पाणी पाजून वेळ घालवू नका. बाटली सोबत घेऊन निघा. तुमच्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना कळते की काय, किती गेले.
- सर्दी-खोकला आठवडाभर, सांधेदुखी दोन-तीन आठवडे, दाढदुखी दोन दिवस टिकली तर तेल पुरे झाले.

दुखऱ्या माणसाला रात्री झोप लागावी, अंग मोकळे व्हावे, कुणीतरी जवळ बसून चोळतेय हे कळावे, हे घरच्या तेलाचे काम आहे आणि ते लहान नाही. ते कोरडे करा, थोडे करा, नाव-तारीख घालून ठेवा, बाहेरूनच लावा. आजीने तेल करायला शिकवले तसे मुलांना हे नियमही शिकवा, म्हणजे तेलही टिकेल आणि त्यावरचा विश्वासही.